तुळसाबायचा नवा घोटा

देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत तुळसाबायचं घर. गाडीरस्ता खालीच संपतो. तिथून जांभ्या दगडांची पाखाडी चढून वर यावं लागतं. नवरा काशीराम गेल्यापासून सहा वर्षं भातशेती ती एकटीच ओढत होती. मुलगा संदेश डोंबिवलीला.

वीस वर्षांपूर्वी गवताचा भारा घेऊन उतरताना तिचा पाय घोट्यात मोडला होता. गावातल्या वैदूने तो बांधला आणि दोन महिन्यांत ती पुन्हा शेतात गेली. हाड मात्र वाकडंच जुळलं. साठी ओलांडली तसा घोटा कायमचा सुजला. पाखाडी ती बसून, एकेक पायरी सरकत उतरू लागली. शेजारच्या मालनने ते पाहिलं आणि संदेशला फोन केला.

मुंबईच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. "मावशी, सांध्यातली गादी पार झिजलीय, हाडावर हाड घासतंय. सांधा बदलू. दुखणं जाईल, नीट चालाल. पण चिखलात उतरायचं नाही, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही."

"मग शेती?"

"आये, शेती राहू दे आता," संदेश म्हणाला.

तिने कागदावर सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. दीड महिना पाय टेकायचा नव्हता; संदेशच्या दोन खोल्यांत ती खिडकीशी बसून राही. तिकडे गावी तिची एकुलती गाय नणंदेकडे गेली. ती परत आणायची नाही, हे कुणी न बोलताच ठरलं.

चार महिन्यांनी, ज्येष्ठात, ती हट्टाने गावी आली. काठी टेकत पाखाडी चढली, कुठेही न बसता.

लावणी लागली. मालनच्या शेतात बायका वाकून रोपं लावत होत्या. तुळसाबाय पायवाटेवर उभी राहिली. पलीकडे तिचं शेत पडीक होतं, गवत गुडघ्याला आलेलं.

"दुखतंय काय गो?" मालनने चिखलातून विचारलं.

"नाय. आता कायच नाय दुखत."

ते खरंच होतं. "तुमच्यासाठी चहा घेऊन येते" म्हणून ती वळली आणि पाठमोरी झाल्यावर पदराने डोळे पुसले.

गणपती झाल्यावर संदेश न्यायला आला. या वेळी तिने नाही म्हटलं नाही. दाराला कुलूप तिनेच घातलं.