खळीने चिकटवलेले सहा कागद

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की चारचौघांत बोलत असलो तरी मी विषय बदलतो. नोकरीतले किस्से मी पुष्कळांना सांगितले. दरोडेखोर पकडल्याचे, हरवलेली माणसं शोधून दिल्याचे. हा एक मात्र घरातही कुणाला सांगितला नाही. आता सांगतो, कारण यात शाबासकी मिळवण्यासारखं काहीच नाही.

एकोणीसशे सत्तरनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फौजदार होतो. वय तिशीच्या आत आणि अंगात रग भरपूर. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग दुष्काळी कामांवरच्या मारामाऱ्या आणि चोऱ्या, असा दिवस जायचा. त्यात एका बाहेरच्या मोठ्या विडी कंपनीचा माणूस तक्रार घेऊन आला. त्यांच्या विडीच्या बंडलावर लाल कोंबड्याचं लेबल असे. तसाच कोंबडा छापलेली दुसरी विडी आमच्या तालुक्यातल्या बाजारांत विकली जात होती. वरच्या साहेबांचंही पत्र आलं : तातडीने छडा लावावा.

चारच दिवसांत खबर मिळाली, तीही ठाण्यात चालत आली. गावातला एक छोटा विडी व्यापारी आमच्या बाकावर नेहमी टेकायचा. कुठलाही पंचनामा असो, पंच म्हणून उभा राहायला हा तयार. तो माझ्या टेबलाशी वाकून म्हणाला, "साहेब, नाव कुठं घेऊ नका. एस. टी. स्टँडजवळचा पेंटर हाय ना, त्यो असली लेबलं काढून इकतो. माझ्याकडं बी आल्ता. मी हाकलून दिला."

मला त्याचं म्हणणं लगेच पटलं. कारण सांगायला लाज वाटते. व्यापारी धुतलेल्या टोपीचा होता आणि पेंटरच्या सदऱ्यावर सतरा रंगांचे डाग असायचे. बाकी काही नाही.

हा पेंटर म्हणजे पस्तिशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. मिशनच्या शाळेत शिकताना तिथल्या मास्तरांनी त्याला अक्षर आणि चित्रकला शिकवली होती. दुकानांचे बोर्ड, लग्नपत्रिकांची चित्रं, मसाल्याच्या पुड्यांची लेबलं, सगळं तो करायचा. कुणाच्या नोकरीत नव्हता. गिऱ्हाईक येईल तेव्हा काम आणि गिऱ्हाइकाचा विश्वास हेच त्याचं भांडवल. तो गेला की सगळं गेलं.

गुरुवारी मी दोन पंच घेऊन त्याच्या दुकानावर छापा घातला. पत्र्याच्या पेटीत सहा कच्ची चित्रं सापडली. पहिल्यावर पोपट होता, दुसऱ्यावर मोर, आणि पुढे पुढे तो पक्षी बदलत बदलत सहाव्या कागदावर हुबेहूब तो लाल कोंबडा झाला होता. मला हर्ष झाला. पंचांच्या सह्या कागदांच्या चित्राकडच्या बाजूलाच घेतल्या आणि पेंटरला ठाण्यात आणलं.

पुढच्या गुरुवारी उपअधीक्षक साहेब तपासणीला येणार होते. मुद्देमाल त्यांच्यापुढे नीट मांडावा म्हणून मी हवालदारांना सांगितलं, "हे कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून टाका. ओळीने, पोपटापासून कोंबड्यापर्यंत."

हवालदार जुने, नोकरीत मुरलेले. त्यांनी घरून गव्हाच्या पिठाची खळ करून आणली. एक कागद उलटा करून ते म्हणाले, "साहेब, मागं कायतरी खरडलंय."

"असेल त्याचं काहीतरी. लावा खळ."

कोपऱ्यात उकिडवा बसलेला पेंटर उठून उभा राहिला. "साहेब, चिटकवू नका. आदी मागचं वाचा. समदं मागंच हाय."

"तू मला तपास शिकवणार?" मी म्हणालो आणि त्याच्या कानाखाली दिली. तो बसला. हवालदारांनी सहाही कागद पक्के चिकटवले आणि त्यावर रजिस्टरांचा गठ्ठा दाब म्हणून ठेवला.

शुक्रवारी आमच्या गावचा बाजार. रिमांडसाठी त्याला कोर्टात न्यायचं होतं. मागच्या गल्लीने नेता आलं असतं. मी त्याला बेड्या घालून भर बाजारातून नेलं. ज्या दुकानांचे बोर्ड त्याने रंगवले होते त्याच दुकानांचे मालक बाहेर येऊन बघत होते. कुणीतरी "चोट्टा हाय" असं मोठ्याने म्हणालं. पेंटर मान खाली घालून चालत होता आणि मी मान वर करून.

सात दिवसांची कोठडी मिळाली. चौकशीत मी त्याला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. "कुणाला विकलंस?"

"इकलं न्हाई साहेब. त्या विडीवाल्या शेठचं काम हुतं. रोज म्हनायचा ह्ये बदला, त्ये बदला. शेवटाला म्हनला, त्या कंपनीसारकाच काडा. मी न्हाई म्हनलो. काम बंद केलं."

"करारनामा आहे?"

"त्या कागदांच्या मागं हाय."

"म्हणजे आता चिकटवल्यावर दिसत नाही तिथं. सोयीचं आहे." असं म्हणून मी हसलो होतो, हे मला स्पष्ट आठवतं.

तिसऱ्या दिवशी तो थकला. काय काय केलं ते लिहीत नाही. त्या काळी ठाण्यात जे चालायचं ते केलं. शेवटी तो म्हणाला, "तुमी म्हनाल त्ये लिवून देतो." आणि त्याने लिहून दिलं. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही हे मला ठाऊक होतं. पण साहेबांपुढे ठेवायला तो बरा दिसतो. मी वर कळवून टाकलं की गुन्हा उघडकीस आला.

सोमवारी सकाळी पेंटरची बायको ठाण्यात आली. रडली नाही की पाया पडली नाही. पदराखालून एक भेंडोळं काढलं आणि माझ्या टेबलावर उलगडलं. पिठाच्या गिरणीच्या बोर्डाचं कच्चं चित्र होतं.

"ह्ये उलटं करा," ती म्हणाली.

मी कागद उलटा केला. मागे पेन्सिलीने, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : 'गिऱ्हाईक म्हणतात, गिरणी हा शब्द मोठा पाहिजे. मालकाचे नाव खाली. जाते काढू नये.' खाली तारीख आणि गिरणीवाल्याची सही.

"ह्यांचं समद्या कामाचं असंच असतंय, साहेब," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आज येक बोलतंय, उद्या दुसरं. मग भांडनं व्हत्यात. म्हनून जे बोललं त्ये त्येच्याच तोंडचं लिवायचं आन् सही घ्यायची. सही झाल्याबिगर रंगाला हात लावत न्हाईत. त्या सा कागदांवर बी आसंल. तुमी वाचलं का?"

"बघतो" म्हणून तिला घालवलं.

हवालदार आणि मी पुठ्ठा मागच्या पडवीत नेला. मोठ्या परातीत कोमट पाणी घेतलं आणि एकेक कागद भिजवून सोडवू लागलो. चित्रं पाण्याच्या रंगातली. पोपटाचा हिरवा आणि मोराचा निळा पाण्यात उतरला, शेवटी कोंबड्याचा लाल. सगळी परात गढूळ झाली. पण मागची पेन्सिल जशीच्या तशी राहिली.

पहिल्याच्या मागे : 'गिऱ्हाईक म्हणतात, पोपट विडीला शोभत नाही.' दुसऱ्याच्या : 'मोर नको, पिसारा छपाईत येत नाही. तुरेवाला पक्षी काढा.' मग 'तुरा लाल करा', मग 'तोंड उजवीकडे', मग 'मागे सूर्य पाहिजे'. प्रत्येकाखाली त्या व्यापाऱ्याची सही. सहाव्याच्या मागे : 'कंपनीच्या लेबलासारखे दिसते, असे मी सांगितले. गिऱ्हाईक म्हणाले, तसेच पाहिजे. मी नाही म्हणालो. काम बंद. कागद दोन दिवस घरी बघायला नेत आहेत.' खाली पुन्हा सही, आणि सहीच्याही खाली 'परत आणला'. कागद हातात पडावा म्हणून त्याने वरचं न वाचताच सही ठोकली असणार. त्या दोन दिवसांत बाहेरगावी नेऊन त्याची नक्कल काढून घेतली आणि लेबलं छापली. कंपनीची माणसं वास काढत आल्यावर माझ्याकडे येऊन पेंटरचं नाव सांगितलं.

गुन्हा खऱ्या अर्थाने तेव्हा उघडकीस आला. माझ्याच टेबलाशी वाकून मला खबर देणारा माणूसच आरोपी होता. तपासाच्या आठवणी सांगणारा अधिकारी इथे छाती फुगवतो. मला पुढचं सांगायचं आहे.

तो सोमवार होता. त्याच दुपारी पेंटरला सोडता आलं असतं. पण मी वर कळवून बसलो होतो, कबुलीजबाब घेतला होता आणि गुरुवारी साहेब येणार होते. मी हवालदारांना म्हणालो, "गुरुवारपर्यंत गप्प राहू. व्यापाऱ्याच्या घराची झडती घेऊ, म्हणजे साहेबांपुढे दोन्ही एकदम ठेवता येईल." हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "जी" म्हणाले.

झडती आम्ही बुधवारी घेतली. ती सोमवारीही घेता आली असती.

ओले कागद पडवीतल्या दोरीवर वाळत घातले होते. कोठडीच्या गजांतून ती दोरी नेमकी समोर दिसते, हे माझ्या लक्षात आलं नाही. मंगळवारी हजेरी घेऊन जात असताना पेंटरने आतून विचारलं, "साहेब, वाचलं का?"

मी म्हणालो, "चौकशी चालू आहे."

त्याने पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी त्याचा डबा तसाच परत गेला, हे मला शिपायाने सांगितलं.

गुरुवारी साहेब आले. व्यापाऱ्याच्या माळ्यावर सापडलेली लेबलं आणि त्याच्या सह्या मी त्यांच्यापुढे मांडल्या. त्यांनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली. संध्याकाळी पेंटरविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल कोर्टात गेला आणि त्याला सोडलं. तो जाताना मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते असं : "आता नीट काम करत जा."

"व्हय साहेब," तो म्हणाला.

गावात त्याला पुन्हा काम मिळालं नाही. सुटल्याची बातमी बाजारातून बेड्या घालून फिरवत नाहीत. आठ-दहा दुकानदारांनी आपल्या बोर्डाच्या कोपऱ्यातलं त्याचं नाव रंगाचा फटकारा मारून बुजवलं. मी रोज त्याच रस्त्याने ठाण्यात जायचो. एकाही दुकानात शिरून मी "हा माणूस निर्दोष आहे" असं म्हणालो नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

खटला संपल्यावर कोर्टाने मुद्देमाल परत देण्याचा हुकूम केला. तोवर पेंटर नगरला दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली रंगकाम करू लागला होता. कागद न्यायला तो एस. टी.ने आला. हवालदारांनी सहा कागद त्याच्यापुढे ठेवले. ते फुगून वाकडे झाले होते आणि चित्रांच्या जागी नुसते ओघळ राहिले होते. तो एकेक कागद हातात घेऊन बघत होता. सहाव्यावर फक्त सूर्याचा थोडा पिवळा उरला होता.

मुद्देमालाच्या पावतीचा मजकूर ठरलेला असतो. हवालदारांनी तो सांगायला सुरुवात केली, "वर नमूद केलेला मुद्देमाल सुस्थितीत..." आणि तेच अडखळले.

पेंटरने पेन थांबवलं. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "सुस्थितीत लिवू का, साहेब?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरोखर विचारत होता. गिऱ्हाइकाच्या तोंडचं शब्दन् शब्द लिहून घेणारा, त्यात पदरचं एक अक्षर न घालणारा तो माणूस. 'भिजून खराब झालेला' असं लिहिलं असतं तर ते कुणी केलं, हा प्रश्न वर गेला असता.

पुढे नोकरीभर मी प्रत्येक कागद उलटून पाहिला. हाताखालच्या पोरांनाही ती सवय लावली आणि माझी तपासातली शिस्त म्हणून तिचं कौतुकही झालं. पण या प्रकरणाने मला शिकवलं ते वेगळंच आहे. चूक कुणाकडूनही होते. ती कळल्यानंतर सोमवार ते गुरुवार जो माणूस गप्प बसतो, तो चुकलेला नसतो, तो गुन्हेगार असतो. त्या प्रकरणात असे दोघे होते. शिक्षा एकालाच झाली.

मी त्याला म्हणालो, "लिहा."

त्याने छापल्यासारख्या सुंदर अक्षरात लिहिलं, सुस्थितीत मिळाला. आणि खाली सही केली.