पेटी नावाचा फोल्डर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये मी नोकरीला होते. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. लॅबमध्ये लिनक्सचा एकच कॉम्प्युटर, आणि त्यात मी आधीच एकदा घोळ घालून ठेवलेला. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचा आलेख काढायचा प्रोग्राम मी थेट सिस्टीमच्या फोल्डरात टाकला. त्यानं तिथल्या जुन्या फायलींवर आपल्या फायली चढवल्या, आणि लोखंड तपासायचा प्रोग्राम दोन दिवस बंद! भट्टीवाले माझ्या नावानं शंख करत होते. शेवटी आलेखाच्या प्रोग्रामसकट सगळं काढून टाकावं लागलं. सिस्टीमच्या फोल्डरात काही टाकायला जो मुख्य पासवर्ड लागतो, तो मालकांनी बदलला आणि चिठ्ठीवर लिहून स्वतःच्या खिशात ठेवला.

आणि आता तेच मालक म्हणत होते, "चारला गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर येतोय. महिन्याभराच्या तपासणीचे आलेख पायजेत त्याला. न्हाईतर माल परत. आणि बाई, मग तुमचंबी काय खरं न्हाय."

"साहेब, पासवर्ड?"

"तेवढं सोडून बोला."

अस्सा राग आला! हात बांधायचे आणि वर म्हणायचं, पोह. तणतणत मी मोल्डिंग शॉपमध्ये, वाळूचे साचे करतात तिथं, पाणी प्यायला गेले. तिथं नव्यानं लागलेल्या एका मोल्डरनं म्हाताऱ्या मिस्त्रींच्या पेटीतली थापी उचलली होती. मिस्त्री गरजले, "ओ पावणं! दुसऱ्याच्या पेटीला हात लावायचा न्हाय हितं. आपली पेटी आणायची, आपल्या पायाशी ठेवायची, काय भरायचं ते तीत भरायचं. कोण इचारतंय मग?"

ग्लास तसाच ठेवून मी पळाले. अगं बाई, हेच की! प्रोग्राम कुठं बसवायचा हे आधीच सांगता येतं, सूचनांच्या फायलीत ते लिहिलेलं होतं, आणि मी शहाणी ते सोडून पुढं गेले होते. कॉम्प्युटरवरच्या माझ्या स्वतःच्या जागेत मी 'पेटी' नावाचा फोल्डर केला. प्रोग्राम बसवायच्या आधी कॉन्फिगर करताना 'प्रीफिक्स'पुढं, म्हणजे कुठं बसवायचं ते विचारतात तिथं, त्याचाच पत्ता दिला. तिथं लिहायला कुणाचा पासवर्ड लागत नव्हता. पडद्यावर ओळींमागून ओळी धावायला लागल्या. मी खुर्चीत धड बसलेसुद्धा नाही. साडेतीनला काम संपलं, मी प्रोग्रामचं नाव टाइप केलं. उत्तर आलं, अशी आज्ञा सापडत नाही.

स्पेलिंग तपासलं, ते बरोबर होतं. मग एकदम लक्षात आलं, पेटी भरली खरी, पण ती कुठं ठेवलीय हे कॉम्प्युटरला सांगितलंच नाही! तो बापडा जुन्याच जागा धुंडाळत होता. तो जिथं जिथं शोधतो त्या जागांच्या यादीत, 'पाथ'मध्ये, पेटीचा पत्ता जोडला, पुन्हा नाव टाइप केलं, आणि प्रोग्राम उघडला की हो! मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की भट्टीवाले बघायला आले. त्यांच्यासमोर लोखंड तपासायचा प्रोग्रामही चालवून दाखवला. त्याला साधा धक्काही लागला नव्हता.

इन्स्पेक्टरनं आलेख बघितले आणि सही केली. तो गेल्यावर मालकांनी खिशातली चिठ्ठी माझ्यापुढं धरली. "घ्या बाई, पासवर्ड. मगाशी जरा जास्तच बोललो."

चिठ्ठी मी घेतली, पर्समध्ये ठेवली. पाच वर्षांनी नोकरी सोडताना ती मालकांना परत दिली, घडी एकदाही न मोडलेली.