बर्फातला नाताळ आणि माझी चुकलेली तिथी

उत्तरेला जायचं म्हटलं की पुण्यात दहा जण सल्ला द्यायला येतात, आणि त्यातले नऊ जण भीमेपलीकडे गेलेले नसतात. मी हिमालयापर्यंत जाऊन, बर्फ तुडवून, धडधाकट परत आलोय. तेव्हा कुणाला जायचं असेल तर त्याने पेठेतल्या ओट्यावर बसणाऱ्यांचं न ऐकता माझं ऐकावं.

मी केसोपंत. राहायला सदाशिव पेठेत, चाकरी सरकारच्या तोफखान्यात. कामावर कोण आलं, कोण नाही, ते हजेरीपटावर लिहायचं हे माझं काम. गेल्या साली गणपती उठले आणि हुकूम आला. हिमालयातल्या एका पहाडी राजाकडे सरकारचे वकील आबासाहेब निघालेत, सलामीसाठी दोन लहान तोफा आणि पाच गोलंदाज बरोबर द्यायचेत, आणि एक कारकून. घरी सांगितलं तर उत्तर आलं, "अहो, तुम्हाला पौषात विहिरीचं पाणी सोसत नाही, आणि बर्फात जाताय?" मी माळ्यावरून दोन घोंगडी काढली.

पहिली गोष्ट, दसऱ्याची वाट पाहू नका. गणपतीनंतर लगेच निघालात तर चिखल लागतो खरा, पण थंडीच्या तोंडावर डोंगराच्या पायथ्याला पोहोचता. नगर, मग गोदावरी, मग बऱ्हाणपूर. बऱ्हाणपुरात कापड घ्या, घोंगडी घेऊ नका. घोंगडी आपली पुण्याहूनच न्या, तीही दोन. तिकडे लोकरी कांबळं मिळतं, पण परका माणूस दिसला की भाव दुप्पट होतो. नर्मदा उतरताना नावाडी मधोमध नाव थांबवून जास्तीचे पैसे मागतात. आमच्यापाशी तोफा होत्या, त्यामुळे आमच्याकडे कुणी मागितले नाहीत.

पाच गोलंदाजांत चौघे सासष्टीचे किरिस्ताव. गोव्याकडचे, पण दहा-दहा वर्षं पुण्यात राहिलेले. त्यांचा म्होरक्या मिंगेल, पंचावन्नच्या घरातला, मिशा पांढऱ्या, नेम असा की पाहत राहावं. पाचवा राणोजी, आपल्या धायरीचा. शिवाय मुहूर्त पाहायला एक शास्त्रीबुवा होते, माझ्याच पेठेतले. दोन घरं सोडून राहतात, आणि गेली सहा वर्षं मला नीट नमस्कार करता येत नाही असं त्यांचं मत आहे.

नर्मदेच्या काठावर मिंगेलने मला उजवा हात दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण. एका लढाईत तोफ फुटली, शेजारचे दोघे जागच्या जागी गेले, याचा हात वाचला. "तेव्हा नवस बोललो, पंत. दर नाताळाला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तोफेला हात लावणार नाही."

"आणि त्या दिवशी हुकूम आला तर?"

"तर नाव कमी करा म्हणेन."

तो हे गमतीत म्हणत नव्हता. पुण्यात सरकार या लोकांना त्यांच्या सणाला सुटी देतं, त्यामुळे दहा वर्षं प्रश्न आला नव्हता. इथे परमुलखात सुटी कोण देणार? आणि एकदा हजेरीपटावरून नाव गेलं की पांढऱ्या मिशांच्या गोलंदाजाला दुसरीकडे कोण ठेवणार? मी म्हटलं, "सुटी मी मिळवून देतो." पुणेकराने एकदा शब्द दिला की दिला.

उज्जैन, ग्वाल्हेर, दिल्ली यांबद्दल लिहायला बसलो तर संपायचं नाही. दिल्लीची जिलबी खा, दिल्लीच्या माणसाशी सौदा करू नका, एवढं पुरे. हरद्वारला गंगास्नान केलं. पाण्यात पाय टाकला आणि सगळे पितर डोळ्यांपुढे उभे राहिले. पुढे डोंगर. तोफा वाहणारे उंट खालीच सोडावे लागतात. तोफा पहाडी हमाल वाहून नेतात, दहा पावलं चालतात आणि चिलीम ओढायला बसतात. घाई केलीत तर आणखी बसतात.

राजाचं ठाणं एका उंच सपाटीवर होतं. मार्गशीर्षाच्या सुरुवातीला आम्ही तिथे राहुट्या ठोकल्या. राजा खालच्या गावी गेला होता, तो यायला महिना लागेल असं कळलं. थंडी कसली म्हणता! तूप चमच्याने फोडून खायचं. शाईची दौत सकाळी निखाऱ्याजवळ ठेवावी तेव्हा लेखणी चाले. आंघोळीबद्दल शास्त्रीबुवांना विचारलं तर म्हणाले, "शास्त्रात सवलत आहे. तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही रोज घ्याल."

मग मी सुटीचा विषय काढला. आबासाहेबांच्या राहुटीपुढे सगळे जमले आणि हा वाद रंगला.

"सुटी?" शास्त्रीबुवा म्हणाले. "आज यांचा सण, उद्या हमालांचा. परवा खेचरंही अर्ज घेऊन येतील."

राणोजी उठला. "आमाला दसऱ्याला सुटी हाय, मुसलमान गोलंदाजांना ईदेला हाय. मग यास्नीच का न्हाई? पुन्यात मिळतीया की."

"हे पुणं नाही," आबासाहेब म्हणाले.

मला राहवलं नाही. "सरकारची माणसं जिथे आहेत तिथे पुण्याचीच रीत चालायला हवी, आबासाहेब. नाहीतर या तोफांवर सरकारची मोहोर कशाला मारलीय?"

आबासाहेबांनी तोफांकडे नजर टाकली. मग म्हणाले, "एक दिवस. एकच. पुन्हा मागायला येऊ नका. तिथी कोणती?"

आणि इथे मी शेण खाल्लं. तोफखान्यात माझी नेमणूक झाल्याला जेमतेम दीड वर्ष झालेलं. आदल्या सालचा नाताळ मी स्वतःच्या हाताने पटावर चढवला होता, तिथी तोंडपाठ होती. "मार्गशीर्ष वद्य सप्तमी," मी ठणकावून सांगितलं. सणाला तिथी असते हे पुण्यात शेंबडं पोरही सांगेल. मिंगेलने माझी बाही ओढली. "पंत, यंदा नाताळ लवकर आला वाटतं? इतक्यात नसावा."

"पंचांग तू मला शिकवणार?" मी म्हटलं. त्याने बाही सोडली. पाद्री जवळ नाही, वाचता येत नाही, आणि समोर पुण्याचा कारकून. बिचाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

सप्तमीला त्यांनी सण केला. कोरडं ऊन होतं. चौघांनी दगडांवर एक लाकडी क्रूस उभा केला, गाणी म्हटली, गुळाच्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच, तळल्या. पण मिंगेलचा चेहरा काही खुलला नाही. मला वाटलं, घरची आठवण येत असेल.

सहा दिवसांनी बर्फ पडला. बर्फाबद्दल आपल्याकडे काहीही सांगतात. आवाज होत नाही, एवढं लक्षात ठेवा. सकाळी राहुटीचं दार उघडलं तर जग पांढरं, आणि तोफांच्या जागी दोन उंचवटे. राणोजीने मूठभर उचलून खाल्ला आणि म्हणाला, "चव न्हाई." वहाणा फेकून द्या, गवताचे जोडे स्थानिक लोक करून देतात, तेच घाला. माझ्या वहाणा पहिल्याच दिवशी तडकल्या.

त्याच संध्याकाळी शेकोटीपाशी शास्त्रीबुवा सांगत होते की यंदा संक्रांत पौष वद्य चतुर्थीला. राणोजी म्हणाला, "गेल्या साली शुद्ध अष्टमीला हुती. मिंगेलकडं तिळगूळ घेऊन गेलतो."

"दरसाल आणतो हा," मिंगेल हसला. "आमचा नाताळ झाला की बरोबर सोळाव्या दिवशी राणोजी तिळगूळ घेऊन दारात. दहा वर्षं झाली. कधी चुकला नाही."

मी सरसावून बसलो. "दरसाल सोळाव्याच दिवशी?"

"दरसाल."

संक्रांत सूर्याची. तिथी तिच्या मागे धावते, ती तिथीच्या मागे नाही. यंदा संक्रांत अकरा तिथी पुढे गेली, तर तिच्या सोळा दिवस आधी येणारा नाताळही अकरा तिथी पुढे. बोटांवर मोजलं. पौष शुद्ध तृतीया. पाच दिवस राहिले होते, आणि राजा त्याच दिवशी यायचा होता. निरोप दुपारीच आला होता: तृतीयेला भेट, तोफांची सलामी तयार ठेवा.

मिंगेलला सांगितलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त छातीवर क्रूस केला आणि म्हणाला, "सायबा! मग सप्तमीला मी नुसताच बसून राहिलो." थोड्या वेळाने म्हणाला, "पंत, तृतीयेला मी बत्ती धरणार नाही. तुम्ही नाव कमी करायचं तेवढं नीट अक्षरात करा."

त्याचं नाव माझ्याच हाताने कमी करायचं? लाज वाटली हो, भयंकर लाज वाटली. सदाशिव पेठेतल्या माणसाला चुकलो म्हणणं किती जड जातं, ते आम्हालाच ठाऊक. त्यातून शास्त्रीबुवांदेखत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आबासाहेबांपुढे उभे असताना मी हात जोडले आणि सांगितलं, "तिथी मी चुकीची सांगितली. मिंगेलने हटकलं होतं, मी त्याला गप्प केलं. चूक सर्वस्वी माझी."

आबासाहेबांचा पारा चढला. "सुटी दिली ना? सण झाला ना? आता राजा दारात आणि गोलंदाज सुटीवर? थट्टा आहे काय?"

तेवढ्यात शास्त्रीबुवा खाकरले. मी मनात म्हटलं, झालं, आता हे घाव घालणार.

"सुटी द्यावी की नाही, यावर माझं मत आपण ऐकलंय. ते बदललेलं नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "पण दशमीला उपास करून कुणी एकादशी झाली म्हणू लागला, तर मी त्याला दारात उभा करणार नाही. दिवस चुकला म्हणजे सण झालाच नाही. तो कुणाचाही असो. म्हणजे आपण सुटी द्यायचा शब्द दिलात, तो अजून पुरा व्हायचाय."

मी शास्त्रीबुवांकडे पाहतच राहिलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि केसोपंत, पंचांगवाला शेजारी असताना विचारायची बुद्धी होत नाही, याला काय म्हणावं?"

आबासाहेब म्हणाले, "मग तोफा कोण डागणार?"

"एक म्या डागतो," राणोजी म्हणाला. "दुसरीला मानूस पायजे."

"चूक ज्याची, तोफ त्याची," आबासाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "पंत डागतील."

पुढचे चार दिवस मिंगेलने मला शिकवलं. दारू किती, ती गजाने कशी ठासायची, बत्ती लावताना कुठे उभं राहायचं. तृतीया उजाडली तेव्हा बर्फ भुरभुरत होता. क्रूसापुढे चौघे उघड्या डोक्याने गुडघ्यांवर बसले होते, आणि या वेळी मिंगेलचा आवाज खणखणीत लागला. डोंगर त्याचं गाणं परत करत होते. ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

दुपारी राजाची पालखी चढण चढू लागली. दारू भिजू नये म्हणून मी अंगावरचं घोंगडं तोफेवर टाकलं होतं, आणि स्वतः कुडकुडत उभा. मिंगेल दहा पावलांवर, हात पाठीमागे बांधून. हाताला सुटी होती, जिभेला नव्हती. "पंत, डावीकडे! आणखी! डोळे मिटू नका!" राणोजीची तोफ उडाली. मी बत्ती लावली, डोळे मिटले, आणि आवाजाने कानठळ्या बसल्या. उघडून चाचपतो तो उजवी भुवई गेलेली. पाच वेळा उडवली. पाचही वेळा उडाली. राजाने आबासाहेबांना विचारलं म्हणे की तुमच्याकडे कारकूनसुद्धा तोफा डागतात का. आबासाहेब म्हणाले, "पुण्याकडे अशीच पद्धत आहे."

संध्याकाळी मिंगेल माझ्या राहुटीशी आला. त्याच्या हातचं माझ्या पेठेत चालत नाही हे त्याला माहीत. त्याने ओंजळभर अक्रोड पुढे केले. "फोडलेले नाहीत, पंत." मी ते त्याच्यासमोरच दगडाने फोडून खाल्ले. नेवरी खाल्ली की नाही हे कृपा करून विचारू नका.

परतीचा रस्ता तोच, फक्त उन्हाळ्याचा. चैत्रात नर्मदा सोपी आहे, पाणी कमी असतं. पुण्यात पोहोचलो तर माझी चूक माझ्याआधी घरी पोहोचलेली. ओट्यावरून हाक आली, "या गोलंदाज! तिथी कुठली आज?" चिडायचं ठरवलं होतं, पण चिडता आलं नाही. काय राहिलं म्हणाल तर भुवई अजून विरळ आहे, गुडघा थंडीत बोलतो, आणि आपल्या माणसांचा वाटणारा अभिमान छातीतून जात नाही. भांडलो, तोंडावर बोललो, पण पाचशे कोसांवर चौघांचा सण बुडू दिला नाही.

यंदाचा नाताळ पुण्यात झाला. संक्रांतीच्या आधी सोळावा दिवस, मी शास्त्रीबुवांना दोनदा विचारून पटावर चढवला. त्या दिवशी मी त्याच्या जागी तोफेपाशी बसायला गेलो, तर मिंगेलने मला अडवलं. "पंत, आता इथे बाकीचे गोलंदाज आहेत. तुम्ही कशाला?" मी त्याला फाटकाबाहेर काढलं. तोफांपाशी दिवसभर राणोजी आणि मी बसून होतो. पटावर त्या दिवशी गोलंदाजांच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात.