विमल सिस्टरांचा उलटा फोन

विमल सिस्टर कुठल्याही संस्थेच्या ऑफिसात शिरल्या की आधी भिंती वाचायच्या. कुणी खुर्ची पुढे करायचं, कुणी पाणी आणायला धावायचं, आणि या उंबऱ्यातच उभ्या, कपाळावरचा चष्मा नाकावर आणत. मोर्च्यांचे फोटो, जुनी निवेदनं, ठरावांच्या चौकटी असं सगळं वाचून झालं की त्या कॅलेंडरपाशी जायच्या. त्याचं खालचं टोक दोन बोटांनी धरून, तान्ह्या पोराचं झबलं वर करावं तसं, ते उचलायच्या आणि मागे बघायच्या. मागच्या भिंतीवर बहुतेक वेळा पेनानं लिहिलेलं काहीतरी असायचंच. ईमेलचा पासवर्ड, कॉम्प्युटरचा पासवर्ड, एका ठिकाणी तर अध्यक्षांच्या मोबाइलचाही. मग माझ्याकडे वळून त्या हळूच म्हणायच्या, "पुरळ आलं हाये."

त्यांची सगळी नोकरी कामरगावच्या आसपासच्या उपकेंद्रांत आरोग्यसेविका म्हणून गेली. खांद्याला लशीचा निळा डबा अडकवून त्या वाडीवस्तीवर फिरल्या. निवृत्त झाल्यावर बायकांच्या एका सल्ला केंद्राच्या समितीवर आल्या. कॉम्प्युटर त्यांना फारसा येत नव्हता. टाइप करायच्या त्या एका बोटानं, आणि तेही बटणाला दुखेल की काय अशा बेतानं. तरी जिल्ह्यातल्या आम्हा पाच लहान संस्थांना सुरक्षितता म्हणजे काय, ते या बाईनं शिकवलं. यात मीही आले, आणि मला शिकवणं सगळ्यांत अवघड होतं.

कारण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबांनी माझं नाव क्रांती ठेवलं. अक्षरं मी त्यांच्या पत्रकांवरून गिरवली. माहितीच्या अधिकारावर काम करणारं आमचं मंडळ त्यांनीच काढलं आणि मंडळाची घोषणाही त्यांचीच, 'झाकलं ते सडलं'. पहिल्या भेटीत सिस्टरांनी माझं नाव ऐकलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "क्रांती, चप्पल बाहेर काढून ये." पुढे कधी जीप चुकून मला उशीर झाला की त्या खोलीला सांगायच्या, क्रांती लेट हाये, पण येऊन राह्यली.

आम्हा दोघींची जोडी एका फसलेल्या दिवसानं जमवली. रिसोड तालुक्यातल्या मजुरांच्या संघटनेनं श्रावणात जनसुनावणी ठेवली होती. वीटभट्टीवर नेणाऱ्या एका मुकादमानं मारहाण केली, आजारी बायकांना भट्टीवरून उठू दिलं नाही, हे सांगायला काही बायका तयार झाल्या होत्या. त्यांत पार्वताबाई सगळ्यांत पुढे. त्यांच्या डाव्या हाताचं मनगट अजून नीट वळत नाही. त्या दिवशी सकाळी संघटनेच्या मोबाइल ग्रुपवर निरोप आला की सुनावणी रद्द. बायका जीपमधून उतरून घरी गेल्या. मंडपात साहेब होते, माइक होता, आणि बोलायला कुणी नव्हतं. निरोप संघटनेनं टाकलेलाच नव्हता. तो टाकला होता दीड वर्षापूर्वी संघटना सोडून मुकादमाकडे कामाला लागलेल्या एका माणसाच्या नंबरवरून. तो ग्रुपमध्ये तसाच होता.

दसऱ्यानंतर या बायका पुन्हा कामाला बाहेर पडणार, म्हणजे त्याआधी एकच तारीख मिळण्यासारखी होती. त्यांचे जबाब पाचही संस्थांच्या फोनांत आणि ईमेलांत पसरलेले होते. एक घर उघडं असलं तरी सगळ्यांची नावं मुकादमाच्या हातात. म्हणून पाचही संस्थांनी ठरवलं की कुणाचं दार किती बंद आहे याची एकदा तुलना करायची. मला पाठवलं, कारण मला कॉम्प्युटर समजतो. सिस्टरांना पाठवलं, कारण त्यांना कुणी दारातून परत लावत नाही.

एसटी आणि जीपनं आम्ही फिरलो. पहिल्याच ऑफिसात सिस्टरांनी भिंतीवरचा फलक वाचला आणि सचिवांना विचारलं, तुमची परवानगी असंन त ही पोट्टी तुमचा पासवर्ड सांगून पाहते. ते हसून बरं म्हणाले. सिस्टरांनी मला फलकावरची घोषणा इंग्रजी अक्षरांत टाइप करायला लावली, पुढे संस्था स्थापन झाल्याचं साल. ईमेल उघडलं. सचिवांचं हसू तोंडावरच राहिलं.

"तुमचा पासवर्ड त तुमी रस्त्यानं वरडत जाता, बापा," सिस्टर म्हणाल्या. "चोराले काय मेहनत?"

दुसरीकडे तेच. तिसरीकडे साल आधी आणि घोषणा नंतर, एवढाच फरक. मी मनातून खूश होत होते, कारण आमचं मंडळ यांच्यासारखं ढिसाळ नाही अशी माझी खात्री होती. चौथ्या दिवशी आम्ही आमच्याच ऑफिसात आलो. सिस्टरांनी बाबांच्या हस्ताक्षरातली 'झाकलं ते सडलं' ही पाटी वाचली आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मला टाइप करायची गरजच नव्हती. पासवर्ड मीच ठेवलेला होता.

एकच पासवर्ड सात जणांना ठाऊक असल्याचंही मी तेव्हाच कबूल केलं. सिस्टरांनी आपला जुना नियम सांगितला. पूर्वी काचेची सिरिंज उकळून पुन्हापुन्हा वापरायचे, आणि एकाचा आजार दुसऱ्याला जायचा. मग नियम आला. "एक सुई, एक माणूस. पासवर्डबी तसाच. वाटून खायची गोष्ट नोहे ते."

प्रत्येक संस्थेसाठी त्यांनी पुठ्ठ्याचं एक कार्ड केलं होतं, लहान मुलांच्या लसीकरणाचं असतं तसं. रकाने पाच. पासवर्ड ज्याचा त्याला आहे का, फोनला कुलूप आहे का, सोडून गेलेल्यांच्या चाव्या काढून घेतल्या का, कागदांची दुसरी प्रत कुठे आहे, आणि काही घडलं तर आधी कुणाला सांगायचं. कार्ड त्या पेन्सिलीनं भरायच्या. मी पेन पुढे केलं तर त्यांनी ते परत माझ्या खिशाला लावलं.

"सुधारते न माणूस," त्या म्हणाल्या. "शाईनं लिवलं त खोडता नाई येत."

सगळ्यांत रिकामं कार्ड निघालं मजुरांच्या संघटनेचं. तिचे सचिव गुलाबराव भाऊ म्हणजे साठी उलटलेला, उन्हानं रापलेला सरळ माणूस. फोन सदऱ्याच्या खिशात, आणि त्यात सगळ्या बायकांचे जबाब. फोनला कुलूप नाही. ते सिस्टरांवर चिडले. मी काय चोरी केली काय, मले कुलूप काहून पाहिजे? सिस्टर शांतपणे म्हणाल्या की भाऊ, तुम्ही घराला कुलूप लावता ते काही तुम्ही चोर आहात म्हणून नाही. भाऊंनी फोन त्यांच्यापुढे ठेवला, पण सोडून गेलेल्या माणसाला ग्रुपमधून वेळीच का काढलं नाही, हा विषय निघाला तसे ते चहा सांगायला उठले.

परत आल्यावर मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. चार पानं. पाचही संस्थांची नावानिशी तुलना, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत क्रम, कुणाचं काय उघडं आहे याचा तक्ता. सरकारला हिशेब विचारणाऱ्यांनी स्वतःच्या घराबद्दल गप्प बसावं हे मला अप्रामाणिकपणाचं वाटत होतं. आमच्या मंडळाची लाजही मी त्यात लिहिली होती, म्हणून लेखणीला जास्तच धार आली होती. कारंज्याला छापून घेतलं आणि गठ्ठा घेऊन थेट सिस्टरांच्या अंगणात गेले. त्या मेथी निवडत होत्या. ओले हात पुसून त्यांनी पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं.

"हा कागद सगळ्यात पयले कोण वाचन?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, लोक.

"नाई. मुकादम."

मी भांडले. चळवळीत काही झाकायचं नसतं, झाकलं ते सडतं, हे मी बाबांच्या आवाजात त्यांना ऐकवलं. सिस्टर आत गेल्या आणि त्यांचा तो जुना निळा डबा घेऊन आल्या. निवृत्तीनंतर त्यात त्या पापड ठेवायच्या. डबा माझ्यासमोर ठेवून त्यांनी झाकणावर हात आपटला.

"लस झाकूनच न्या लागते वं. उघडी राह्यली त तेच सडते."

मग त्यांनी मला सांगितलं की गावात कोणत्या घरचं पोर बिनटोचलं आहे, हे त्यांना नेहमी तोंडपाठ असायचं. ते त्यांनी चावडीवर लिहिलं असतं तर लस राहिली असती बाजूला, त्या पोराच्या आईनं पुन्हा त्यांना दार उघडलं नसतं. "मी लपवाले नाई सांगून राह्यली. आधी टोच. मंग सांग."

मला राग आला होता, आणि रागाच्या खाली मला कळलंही होतं. त्या तक्त्यात पाचव्या नंबरासमोर मी लिहिलं होतं, 'जबाब बिनकुलपाच्या फोनात'. तो फोन कुणाच्या खिशात असतो हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. मी जणू मुकादमाला पत्ता छापून दिला होता. गठ्ठ्यातलं एकही पत्रक अजून वाटलेलं नव्हतं, हे नशीब. मी जाळायला काडी मागितली, तर सिस्टर म्हणाल्या, कागदाचा काय गुन्हा? त्यांनी टब आणला, सगळी पत्रकं फाडून पाण्यात भिजवायला मला बसवलं आणि लगद्याला चिकटपणा यावा म्हणून वरून मेथ्यांची पूड टाकली.

पुढच्या दिवसांत आम्ही दुसरी फेरी केली. या वेळी मी बोलत कमी होते आणि हात जास्त चालवत होते. पासवर्ड बदलले, फोनांना कुलपं लावली, जबाबांच्या प्रती गोळा करून एका ठिकाणी बंद केल्या. शेवटी पाचही संस्थांची बैठक दार लावून झाली. सिस्टरांनी कुणाचंही कार्ड वाचलं नाही. ज्याचं त्याच्या हातात दिलं आणि त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

जो तो आपलं कार्ड उलटून पालटून बघत होता. मग गुलाबराव भाऊ उठले. कार्ड त्यांनी छातीशी धरलं होतं. "तो माणूस माह्या ग्रुपात दीड वर्स बसून होता," ते म्हणाले. "मले दिसे तो. पण काढाव कसं? पंगतीतून उठवल्यावानी वाटे मले." खोलीत कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये असा एखादा माणूस होताच. त्यांच्यानंतर मी उठले आणि आमच्या मंडळाचं कार्ड वाचलं. घोषणेचा पासवर्ड आणि सात जण. पत्रकात लिहिताना जी धार वाटली होती ती उभं राहून वाचताना कुठे गेली कोण जाणे. पण मी खाली बसले तेव्हा उरलेल्या तिघांचे हात एकदमच वर झाले होते.

त्याच बैठकीत सिस्टरांचा शेवटचा नियम ठरला. त्यांच्या नोकरीत एकदा कुणीतरी आवई उठवली होती की आज डोस नाहीत, आणि बायका अर्ध्या रस्त्यातून परत गेल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी गावोगाव सांगून ठेवलं होतं की रद्दचा निरोप कुणाच्याही तोंडून आला तरी मला विचारल्याशिवाय मानायचा नाही. आता त्याचंच नवं रूप झालं. निरोप कुणाच्याही नावानं येवो, फोटो कुणाचाही असो, आपण आपल्याला पाठ असलेल्या नंबरावर स्वतः फोन लावायचा. त्या त्याला उलटा फोन म्हणायच्या. भाऊंबरोबर बैठकीला आलेल्या पार्वताबाईंनी सिस्टरांचा नंबर कागदावर घेतला नाही. तिथेच बसून त्यांनी तो ओवीसारखा म्हणून म्हणून पाठ केला, आणि पुढे बाकीच्या बायकांकडूनही करून घेतला.

दसऱ्याच्या आधी दुसरी सुनावणी लागली. त्या सकाळी खरोखरच पुन्हा निरोप आला. नंबर अनोळखी, फोटो गुलाबराव भाऊंचा, मजकूर तोच. सुनावणी पुढे ढकलली. मंडपात मी घड्याळ बघत उभी होते. सिस्टर खुर्चीवर, फोन मांडीवर. तो वाजला. पलीकडून पार्वताबाईंनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "खोटं हाये. ये." पुन्हा वाजला. दुसऱ्या गावच्या बाई. पुन्हा वाजला. त्या प्रत्येकीला तेच सांगत होत्या, तितक्याच थंडपणे, जशी रांगेतल्या प्रत्येक पोराला एकसारखी सुई.

बायका आल्या. पार्वताबाईंनी माइकसमोर आपलं नाव, गाव सांगितलं आणि मनगट वर करून दाखवलं. त्यांचं नाव त्या दिवशी सगळ्यांना कळलं, पण ते त्यांनी स्वतः सांगितलं. माझ्या तक्त्यातून कळणं आणि असं कळणं यांतलं अंतर मला तिथे उभं राहून समजलं. तक्रार नोंदवली गेली. मुकादमाचं पुढे काय होतं ते होईल, लढाई लांब आहे, पण त्याला आता नावं हुडकावी लागत नाहीत आणि बायकांना तोंड लपवावं लागत नाही.

या वर्षी गुडघ्यांनी सिस्टरांचं फिरणं बंद केलं. लेक त्यांना नागपूरला घेऊन गेली. निघताना त्यांनी मला एक टोपली दिली, कागदाच्या लगद्याची, चांगली कडक वाळलेली. माझ्या पत्रकांची. पाच संस्थांची सगळी उणीदुणी त्या टोपलीत आहेत आणि जगातल्या कुणालाही ती वाचता येणार नाहीत. आत संस्थांनी सुधारून परत दिलेली पाच कार्डं होती, पेन्सिल होती, आणि एक कोरं कार्ड.

ते सहावं कार्ड भरायला मी मागच्या महिन्यात इंझोरीला गेले. भट्टीवरून परतलेल्या बायकांनी तिथे स्वतःची संघटना काढली आहे. पार्वताबाई तिच्या अध्यक्ष. ऑफिस म्हणजे एक खोली. मी सवयीनं उंबऱ्यात उभी राहून भिंती वाचायला लागले, तर पार्वताबाई आडव्या आल्या आणि त्यांनी हात पुढे करून मला तिथेच थांबवलं.

"उभी राहा वं क्रांती. कोणं धाडलं तुले?"

मी म्हटलं, सिस्टरांनी. तुम्ही मला ओळखता की.

"तुले ओळखते. निरोपाले नाई ओळखत," असं म्हणून त्यांनी फोन काढला आणि माझ्याकडे पाठ करून, ओठ हलवत, तो पाठ असलेला नंबर लावला. नागपूरला दोन-तीन रिंगा गेल्या. पार्वताबाईंनी विचारलं, ऐकलं, आणि मग फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडे वळून पाहिलं.

"सिस्टर इचारून राह्यल्या," त्या म्हणाल्या, "चप्पल बाहेर काढली काय?"

मी चप्पल काढली आणि आत गेले. भिंतीला कॅलेंडर होतं. मी त्याचं टोक उचललं. मागे कोरी भिंत होती.