जाळात टाकलेलं पान

जळगावच्या आमच्या पेपरात रविवारी साध्या माणसांवर लिहिणारे एक भाऊ आहेत. मी त्यांचा फोटोग्राफर. ते फारसे प्रश्न विचारत नाहीत. समोरचं माणूस जे काम करत असेल ते स्वतः करायला घेतात आणि अधूनमधून "मग पुढे?" एवढंच म्हणतात.

धरणगावला हिवाळ्यातल्या भरीत-पार्ट्यांना भरीत करून देणाऱ्या अक्कांकडे ते तासभर भाजलेली वांगी सोलत बसले. बोटं पोळली, पण अक्का बोलत्या झाल्या.

"मी सोता वांगं खात नही, भाऊ. हाई छापजो नको."

भाऊंनी वहीतलं ते पान फाडून कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळात टाकलं. मला रडू यायचंच बाकी होतं. अख्ख्या लेखाचा जीव त्यातच होता.

लेख आला. सोमवारी भाऊंना अक्कांचा फोन, स्पीकरवर.

"पेपरमा येई म्हनीसन बठ्ठा गावले सांगेल व्हतं. मी वांगं खात नही ते कोठे शे?"

"तुम्हीच नको म्हणालात, अक्का."

"नको म्हननं मनं काम. छापनं तुनं काम."

भाऊंनी ते वाक्य टिपून घेतलं. "मग हे छापू?"

"नको."

त्यांचा हात पान फाडायला गेला, तो मी धरला.