आप्पांचा फोटो खाली आणला

साहेबांनी शोकसभेची जागा ठरवली: पहिला मजला, एसी हॉल.

"साहेब, सभा कांबळे आप्पांची आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच! एवढा मोठा माणूस. एसी नको का?"

आता काय बोलणार, कप्पाळ!

मी शिरूरच्या एका सरकारी ऑफिसात बिल्डिंगची देखभाल बघणारा इंजिनियर. बिल्डिंग नवी, देखणी. लिफ्टचा शाफ्टसुद्धा आहे. शाफ्ट म्हणजे लिफ्ट वरखाली जायची उभी पोकळी. पोकळी तयार आहे, लिफ्ट मंजुरीत आहे. तोवर तिथं मोडक्या खुर्च्या सुखानं नांदतात. आणि दिव्यांगांच्या तक्रारींची सुनावणी कुठं? वर, त्याच हॉलमध्ये. पूर्वी आम्ही अपंग म्हणायचो, आता दिव्यांग म्हणतो. शब्द बदलायला टेंडर काढावं लागत नाही.

आप्पा न्हावऱ्याच्या बौद्धवस्तीतले. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळं व्हीलचेअर. आधी वस्तीच्या रस्त्यासाठी भांडले, मग आमच्यासारख्या ऑफिसांशी. मला म्हणायचे, "इंजिनियरसाहेब, माझ्या आज्याला देवळाच्या पायरीवर अडवायचे. मला हापिसाच्या पायरीवर अडवत्यात. फरक एवढाच, तुम्ही वर च्या पाजता."

सुनावणी खाली घ्या, ही त्यांची शेवटची मागणी. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "आप्पा, आमची माणसं उचलून नेतील की!" आपल्याकडं उचलायला कोण नाही म्हणतं? चार जण लगेच बाह्या सरसावतात. आप्पा मात्र हात लावू द्यायचे नाहीत. "आज उचलून न्याल. काम व्हईल, आन् पायरी कायमची ऱ्हाईल."

ते गेले तरी मागणी फाइलीतच होती.

सभेच्या दिवशी दौंडहून रुक्साना आली. शिवणकाम करते, दिव्यांगांची तीनचाकी चालवते आणि आप्पांच्या मागं त्यांची संघटना तीच बघते. मुख्य भाषण तिचंच होतं. संघटनेची केंदूरची मंडळीही आपापल्या तीनचाकींवर आली. सगळे जिन्यापाशी थांबले. वर एसी छान गार झाला होता.

आमचे क्लार्क धावले. "ताई, खुर्चीत बसा, आम्ही हाय की!"

"हात लावू नका, दादा."

वरून साहेबांचा फोन आला. "अहो, जिल्ह्याचे पाहुणे खोळंबलेत! उचला तिला."

"ती नको म्हणतेय, साहेब."

"मग समजूत घाला!"

समजूत कसली डोंबलाची. ती वर उचलून गेली असती, तर दुसऱ्याच दिवशी साहेबांनी शेरा मारला असता: गैरसोय नाही. तिला ते ठाऊक होतं, मलाही.

रुक्सानानं विचारलं, "आप्पांचा फोटू वर कुणी नेला?"

"शिपायानं."

"उचलून?"

मी मान डोलावली.

"जिते असते तर गेले असते का आप्पा असे?"

"नाही."

"मग आणा की त्यांना खाली." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत.

मी वर गेलो. हारासकट फोटो काढला आणि जिना उतरलो. वर समई तेवत होती, पाहुणे बसले होते, आणि श्रद्धांजली वाहायला समोर मोकळं टेबल.

"अहो, फोटो कुठं चाललात घेऊन?" साहेब जिन्यात ओरडले.

"खाली, साहेब. आप्पा इथं वर यायचे नाहीत."

मग काय करतात! पाहुणे उतरले, साहेब उतरले. पार्किंगमधल्या बाइक बाजूला सारल्या, फोटो एका स्टुलावर ठेवला. रुक्साना बोलली. रडली, पुन्हा बोलली. शेवटी पाहुण्यांकडं बघून म्हणाली, "तुम्ही सगळे कसे झटक्यात खाली आलात बघा. सुनावणीलाबी असंच या."

पाहुण्यांतले जिल्ह्याचे बडे अधिकारी घामानं निथळत होते. त्यांनी माइक घेतला आणि यापुढं सुनावणी तळमजल्यावर होईल असं जाहीर केलं. साहेबांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. कल्पना त्यांचीच होती म्हणे.

आता सुनावणी खालच्या स्टोअररूममध्ये होते. आप्पांचा फोटो तिथंच लावलाय. त्याच्याकडं बघताना मला अजूनही गलबलून येतं. लिफ्ट अर्थातच मंजुरीत आहे.

नोकरीत मी एवढंच शिकलो. धडधाकट साहेबाला जिना उतरायला कुणी उचलून न्यायची गरज नसते. पण ही साधी गोष्ट आमच्या ऑफिसला पटावी, म्हणून आप्पांना मरावं लागलं.