परतवाड्याची ‘बाहेरची’ बाई

मित्रहो, सकाळी टाकलेली पोस्ट मी काढून टाकली आहे. का, ते सांगतो.

परतवाड्याच्या पुढे रस्त्याकाठी एक गोरी, भुऱ्या केसांची साठीतली बाई सुतारांकडून लाकडी घराचं काम करून घेताना दिसली. मी फोटो काढला आणि लिहिलं, "बाहेरची बाई आपल्या जंगलातला साग तोडून बंगला बांधून राहिली. कोणी विचारत नाही काय?"

तुमच्यातले काही जण विचारायला गेले. दुपारी तिथं दमदाटी झाली आणि सुतार घाबरून निघून गेले.

हे कळल्यावर मी गेलो. ती एकटीच उघड्या भिंतीवर ताडपत्री बांधत होती. पोस्ट माझीच होती, असं तिला सांगितलं.

"घर नवं नाही, बाबू," ती म्हणाली. "माहा बाप जर्मनीहून अकोटच्या कापसाच्या जिनिंगात मशिनी बसवायले आला अन् इथलाच झाला. साठ सालाच्या आसपास त्यानं सोता ओंडके रचून हे घर उभं केलं. मी इथंच जन्मली. सडलेले ओंडके तेवढे बदलून राहिली, तेबी जंगल खात्याच्या डेपोतून इकत आणून. मंग मी बाहेरची कावून?"

तिच्याकडे बघवत नव्हतं. ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे. तू जाय."

सुतार परत यायला तयार नाहीत. उद्या सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागणार आहे. दुपारी तिथं गेलेल्यांपैकी कोणी माझ्यासोबत येता काय?